वाऱ्याची बाहुली आणि चार बादल्या

सांगितलं, आणि आलं

बाहुली वळायला लागली तेव्हा मंडपात दीडएकशे माणसं होती आणि सगळी तोंड उघडं टाकून वर बघत होती. मीसुद्धा. मान अवघडली तरी नजर खाली घ्यायची हिंमत होईना, कारण शेजारी उभ्या असलेल्या शालूबाई माझ्याच कानाशी कुजबुजत होत्या, "बगून घ्या, सायेब. तुमच्या तळेगावात असलं काय न्हाई."

बाहुली लाकडाची, भक्तांच्या तोंडी 'आई'. हातभर उंच, हिरवं लुगडं नेसवलेली, नाकात नथ. मंडपाच्या आढ्यापासून अंबाडीच्या दोरावर टांगलेली. दोर महाराजांच्या गुरूंनी हिमालयात वळला, असं सांगतात. हिमालयात अंबाडी कोण पेरतं हे मला विचारायचं होतं, पण बायकोनं कोपर मारलं.

एरवी बाहुलीचं तोंड उगवतीला असतं. ते मावळतीला गेलं की वादळ येतं. तिला हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही. हौशीराम महाराज फक्त दर्भाच्या जुडीनं दोरावर तीर्थ शिंपडतात, तेही भरपूर, आणि डोळे मिटून बसतात. मग चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला मागून कोणी हाक मारावी आणि तिनं सावकाश मान वळवावी, तशी बाहुली वळते.

"आली," महाराज म्हणाले. "दिवं लागायच्या आत येनार. मावळतीकडनं, झाडं झोपवत येनार."

मंडपभर एक हुंकार फिरला.

"मोबाईल काय सांगतो? शक्यता हाय, म्हनतो. आरं, शक्यता तर माझ्या म्हशीलाबी सांगता येती." लोक हसले. "त्या सॅटेलाइटला वरनं काय दिसतं? ढगाची पाठ. आईला ढगाचं पोट दिसतं. वारा म्हंजी काय? विज्ञान म्हनतं, हवा. हवा कशानं हालती? त्ये म्हनतं, दाब. दाब कुनी दिला? तितं विज्ञान गप. आनि आई बोलाया लागती."

हे बोलणं चांगलंच होतं. मी तीस वर्षं बँकेत काढली, कर्ज बुडवणारी माणसंसुद्धा इतकं छान बोलताना ऐकलेली नाहीत.

महाराजांची कीर्ती एका वादळावर उभी आहे. दोन वर्षांपूर्वी वैशाखात बाहुली फिरली आणि संध्याकाळी खरंच वारा सुटला. शाळेचा पत्रा उडाला, तो श्रीपतीच्या शेतात जाऊन उभा रुतला. श्रीपतीनं तो काढू दिला नाही. आता त्याला हार घालतात. मावळात कान्ह्यापासून उर्स्यापर्यंत ज्याच्या शेतात पॉलिहाऊस आहे त्याला हा पत्रा माहीत आहे, कारण पॉलिहाऊसवाल्याला वाऱ्याइतकी भीती कशाचीच वाटत नाही. वारा आत शिरला आणि वरचा प्लास्टिकचा कागद फुगला, की लोखंडी सांगाडा पायासकट उपटतो.

म्हणून महाराजांचा उपाय सोपा आहे. बाहुली फिरली की कागद उतरवायचा. वाऱ्याला मोकळी वाट द्यायची.

"पन कोयत्यानं फाडायचा न्हाई," महाराजांनी पुन्हा बजावलं. "आईला भेग चालत न्हाई. पट्टीतल्या स्प्रिंगा काढा, कागद सलग उतरवा, घडी घाला. वाऱ्याची नजर लागलेला कागद घरी ठेवायचा न्हाई. बजरंग टेंपो घेऊन यील, त्येच्याकडं द्या. आमी त्येचं इंद्रायणीत विसर्जन करतो."

"अहो," प्रमोदिनी माझ्या कानात म्हणाली, "तोंड मिटा आता. सविताकडे जायचंय."

प्रमोदिनी माझी बायको. तळेगावच्या शाळेत भूगोल शिकवते. सविता तिची जुनी विद्यार्थिनी. सासरे अंबाजी आबा आणि ती, दोघं मिळून वीस गुंठ्यांत गुलाबाचं पॉलिहाऊस चालवतात. सकाळी तिचा फोन आला होता. "बाई, आज बाहुली फिरणार असं चाललंय. फिरली तर आबा परत कागद उतरवतील. या वेळी उतरला तर पुन्हा चढत नाही. आबांनी जमीन विकायला प्लॉटवाल्या एजंटाला उद्या बोलावूनच ठेवलंय."

मी स्कूटर काढली. या गोष्टीत माझं काम तेवढंच.

सांगितलं, पण आलं नाही

आम्ही पोचलो तेव्हा आबा शिडीवर होते. सत्तरीचा माणूस, धोतर खोचून, पक्कड दातांत धरून, पॉलिहाऊसच्या कडेच्या पट्टीतून कागद धरून ठेवणाऱ्या वेड्यावाकड्या स्प्रिंगा ओढत होता. खाली सविता शिडी धरून उभी होती. ती शिडी धरत होती की आबांना खाली खेचायच्या बेतात होती, ते सांगता येत नव्हतं.

"आबा, खाली या. ऊन बघा कसलं हाय. गुलाब करपतील."

"करपू दे. सांगाडा ऱ्हायला तर गुलाब परत येत्याल."

"सांगाड्याला काय होतंय? गेल्या साली उतरवला तवा कुटं वारा आला?"

"आला न्हाई," आबा पक्कड काढून म्हणाले, "कारन आपन उतरवला."

"म्हंजी?"

"म्हंजी वाऱ्यानं बगितलं, हितं वाट मोकळी हाय, अडवनारं कोन न्हाई. मग त्यो कशाला थांबतोय. गेला फुडं."

सवितानं प्रमोदिनीकडं पाहिलं. त्या नजरेत एवढंच होतं: हे असं आहे बाई, आता सांगा.

कुंपणापाशी एव्हाना वीसपंचवीस माणसं जमली होती. त्यांचे स्वतःचे कागद उतरवायचे होते, पण दुसऱ्याचा उतरताना बघणं जास्त मजेचं. शालूबाई तर चप्पल काढून बांधावर बसल्या होत्या.

"आबा," प्रमोदिनी म्हणाली, "थोडा वेळ द्या मला. तेवढ्यात माझं तुम्हाला पटलं नाही तर मी स्वतः शिडी धरते. सविता, फुलं ठेवायच्या चार बादल्या आण. आणि वाकड्या मानेचे गुलाब."

मान वाकडी निघालेला गुलाब बाजारात कोणी घेत नाही. सविताकडं असल्या लाल गुलाबांचा ढीग होता, पांढऱ्यांचाही. बादल्या एका ओळीत मांडल्या गेल्या.

"ही पहिली. महाराजांनी वारा येणार सांगितलं आणि आला. ही दुसरी, येणार सांगितलं आणि आला नाही. तिसरी, काही बोलले नाहीत आणि तरी आला. चौथी, बोललेही नाहीत, आलाही नाही. गेल्या दोन वर्षांतलं जे ज्याला आठवेल त्यानं ते सांगायचं आणि लाल गुलाब टाकायचा."

"पैली मी," श्रीपती पुढं आला. त्यानं एक गुलाब पहिल्या बादलीत टाकला, आणि अभिमानानं मिशी पुसली. "पत्रा."

"आणखी?"

"आणखी... पत्रा तर लय मोटा व्हता."

"मोठा असला तरी गुलाब एकच, श्रीपतीभाऊ."

मग आठवणी निघाल्या. इथल्या माणसांना तारखा आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. सरूबाईच्या लेकीच्या हळदीला बाहुली फिरलेली, मांडव सोडला, आणि मग भर उन्हात हळद लागली. दुसरी बादली. यात्रेच्या कुस्त्या रद्द केल्या, पान हाललं नाही. दुसरी बादली. कागद उतरवला आणि संध्याकाळी इतकं कोंदलं की लोक वारा यावा म्हणून बाहेर बसले. दुसरी. एकमेकांच्या फजितीची आठवण निघाली तशी मंडळींना रंग चढला. "तुज्या साडूच्या बारशाला बी फिरल्याली की," असं कोणीतरी मागून ओरडलं, आणि आणखी एक गुलाब पडला.

मग शालूबाई उठल्या. त्यांच्या गोठ्याचा पत्रा गेला होता, गेल्या पावसाळ्याआधी. त्या दिवशी बाहुली उगवतीलाच बघत होती.

"आनि महाराज काय म्हनले?" कोणीतरी विचारलं.

"म्हनले, तुज्या घरात विटाळ कालवला म्हनून आईनं सांगितलं न्हाई." शालूबाईंनी गुलाब तिसऱ्या बादलीत टाकला. "माज्या घरात मी आनि म्हैस. आमा दोगींत कोन इटाळनार?"

पहिल्या बादलीत दोन गुलाब, तिसरीत तीन. दुसरी काठोकाठ भरली होती.

"आता झालं?" सविता म्हणाली.

पण आबा शिडीच्या पायरीवर बसून शांतपणे तंबाखू मळत होते. "बाई, तुमी लय शिकल्याल्या. पन ती दुसरी बादली महाराजांचीच हाय. सांगितलं आनि आला न्हाई, म्हंजी त्यांनी थोपवला."

कुंपणापाशी माना हलल्या. मला आबांचं कौतुक वाटलं. आमच्या बँकेला असा वकील मिळाला असता तर बरं झालं असतं.

"बरं," प्रमोदिनी म्हणाली. "पहिली बादली महाराजांची, कारण त्यांनी ओळखलं. दुसरीही त्यांचीच, कारण त्यांनी थोपवलं. तिसरीतला दोष शालूबाईंचा आणि म्हशीचा. मग आबा, महाराज चुकले असं कधी म्हणायचं? त्याची बादली कुठली?"

आबांनी तंबाखू मळायचं थांबवलं. चारही बादल्यांकडे एकेक करून पाहिलं.

"तशी न्हाई," ते म्हणाले.

"ज्याला चुकायला जागाच ठेवलेली नाही त्याच्या बरोबर असण्याला किंमत काय द्यायची?"

आबांनी तंबाखू दाढेत धरली. शिडीवर मात्र चढले नाहीत.

मग मीच तोंड घातलं. संसारात एवढी वर्षं काढूनही मला कुठं गप्प बसावं हे कळत नाही. "पण तुझ्या मोबाईलवरच्या इशाऱ्यांचं काय? गेल्या महिन्यात वादळाचा इशारा होता म्हणून तू मला गच्चीवरचे पापड गोळा करायला लावलेस, आणि एक पापड हालला नाही."

लोकांना हे फार आवडलं. शत्रूच्या गोटातूनच माणूस फुटला होता.

"बरोबर आहे," प्रमोदिनी म्हणाली. "त्यालाही याच बादल्या. पांढरे गुलाब घ्या. पहिला पांढरा दुसऱ्या बादलीत टाका, पापडांचा."

मी टाकला. सवितानं तिच्या फोनवर आलेले इशारे आठवून सांगितले, बाकीच्यांनी वारा आला होता का ते सांगितलं. पांढरे गुलाबही दुसऱ्या बादलीत बरेच पडले. पण पहिलीतही पडत राहिले. श्रीपतीच्या पत्र्याचा दिवस त्यात होता, शालूबाईंच्या गोठ्याचा दिवसही होता. तिसरीत एकच पांढरा पडला.

"म्हंजी मोबाईलबी चुकतो," आबा म्हणाले.

"चुकतो. आणि चुकला हे आपल्याला दिसतं, मोजता येतं. पाचदा सांगितलं तर दोनतीनदा तरी येतं, हे कळलं म्हणजे कितपत ऐकायचं तेही ठरवता येतं. शिवाय तो किती जोराचा ते सांगतो. बाहुली आकडा सांगते का?"

"बाहुली बोलत न्हाई वं बाई," शालूबाई म्हणाल्या, "नुसती वळती."

"मग ती कशानं वळते ते बघू. महाराजांना निरोप पाठवा. म्हणावं, आईची पावलं एकदा सविताच्या पॉलिहाऊसमध्ये लागू देत."

सांगितलं नाही, तरी आलं

महाराज आले. बोलावणं मानाचं होतं आणि नाही म्हणायला कारण नव्हतं. हलगी पुढं, मागं पाटावर बाहुली, तिच्यावर छत्री. दोर तेवढा उन्हात लोंबत आला. महाराजांनी आजवर कधी पॉलिहाऊसच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. कागद बाहेरून उतरतो, टेंपोही बाहेरच उभा राहतो.

सवितानं पॉलिहाऊसचे चारी बाजूंचे पडदे वर गुंडाळून ठेवले होते. आत गरम कोरडी हवा भिरभिरत होती. बाहुली मधल्या पाइपाला टांगली गेली. सगळे दोन ओळींमधल्या वाटेवर उभे राहिले.

सकाळी मावळतीला वळलेली बाहुली हळूहळू परत उगवतीला आली.

"आईनं कौल मागं घेतला?" श्रीपतीनं विचारलं. त्याचा चेहरा पडला होता, कारण त्यानं दुपारीच आपला कागद उतरवून बजरंगच्या टेंपोत घातला होता.

"आई इचार करती," महाराज म्हणाले.

"महाराज, माझे गुलाब तापलेत, जरा फॉगर लावू का?" सवितानं विचारलं. वरच्या नळ्यांमधून पाण्याचं धुकं सोडणाऱ्या यंत्राला इथं फॉगर म्हणतात. महाराजांना त्यात वावगं दिसलं नाही. तिनं पडदे खाली सोडले आणि बटण दाबलं. फुस्स करून धुकं उतरलं, सगळ्यांच्या भुवयांवर बारीक थेंब जमले.

चहा झाला. तोवर बाहुलीचं तोंड मावळतीला गेलं होतं.

लोकांनी हात जोडले. सवितानं फॉगर बंद केला, पडदे वर केले. गरम वारं आत आलं. दुसरा चहा होईतो बाहुली उगवतीला. पुन्हा पडदे खाली, पुन्हा धुकं. बाहुली मावळतीला.

तिसऱ्या वेळेला कोणी हात जोडले नाहीत.

"आईला चक्कर आली," महाराज म्हणाले. "हितं बायामानसांची गर्दी लय झाली. त्यात ह्यो फवारा. आईला सर्दी हाय."

"सर्दी नाही, महाराज, ओल आहे," प्रमोदिनी म्हणाली. "आबा, गोठ्यातल्या दाव्याचा एक तुकडा द्या. अंबाडीचंच आहे ना? आणि शालूबाई, तुमचा नारळ."

शालूबाईंनी बाहुलीसाठी आणलेला नारळ दिला. प्रमोदिनीनं त्याला कुंकवानं नाक काढलं आणि तो दाव्याला बांधून बाहुलीशेजारी टांगला. फॉगर सुरू झाला. नारळ वळला, बाहुली वळली. दोघांनी मिळून मावळतीचं दर्शन घेतलं.

"आता ह्या नारळालाबी हार घालावा लागंल," शालूबाई गंभीरपणे म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मोकळेपणी हशा पिकला.

"दोर पिळलेला असतो," प्रमोदिनीनं सांगितलं. "ओल लागली की त्याचे तंतू फुगतात, पीळ सुटायला लागतो आणि खाली टांगलेली वस्तू फिरते. वाळला की परत पहिल्या जागी. वळिवाच्या दिवसांत हवेत ओल आली की फिरतो, म्हणून एखादवेळी वादळाशी गाठ पडते. एरवी तीर्थ आहेच. बाहुलीला वाऱ्यातलं काही कळत नाही. तिला फक्त ओलं आणि सुकं कळतं, आणि तेही दोराला."

"मंग महाराजांना कळत असंल," आबा म्हणाले. माणूस सहजासहजी सोडणारा नव्हता, आणि ते मला आवडायला लागलं होतं.

इथं सविता बोलली. "आबा, एक सांगा. वाऱ्याला वाटच द्यायची, तर कोयत्याचे चार घाव बास होते. भेग नको, स्प्रिंग काढा, सलग उतरवा, घडी घाला, हे कशाला? विसर्जन करायच्या कागदाला घडी कोण घालतं?"

महाराज हलगीवाल्याकडं बघायला लागले.

"गेल्या सालच्या कागदावर मी चुन्याचे पंजे उठवलेते," सविता म्हणाली. "नवा होता तवा. दाराच्या वरती, पाच पंजे, ओळीनं. त्यो कागदबी इंद्रायणीत गेला ना, महाराज?"

मला एकदम घाम फुटला. फॉगर बंद होता.

"सविता," मी म्हणालो, "शेवटचा पंजा अर्धाच उठलाय का? अंगठा नसलेला?"

"व्हय. कडेला जागा संपली."

"दोन रविवारांपूर्वी आम्ही लोणावळ्याला मक्याचं कणीस खाल्लं. धरणाच्या वाटेवर पावसाळ्यासाठी नव्या टपऱ्या उभ्या राहतायत. डोक्यावर प्लास्टिकचं छत होतं आणि त्यावर पाच पंजे. मी प्रमोदिनीला म्हणालो, बघ, छताला कोणीतरी आशीर्वाद देतंय."

"मी म्हटलं, कणीस खा," प्रमोदिनी म्हणाली.

"टपरीवाल्यानं सांगितलं, माल स्वस्त आणि मजबूत आहे. कान्ह्याकडून टेंपो येतो."

वीस माणसांनी एकाच वेळी मान वळवून एका माणसाकडं बघितलं. त्यासाठी दोराला ओल लागली नव्हती.

"त्ये..." महाराज म्हणाले. "विसर्जनाचे परकार असत्यात. काय जलात, काय लोकांत."

श्रीपती तरातरा बाहेर पडला. थोड्या वेळानं त्याचा आणि बजरंगचा आवाज रस्त्यावरून ऐकू आला, आणि श्रीपतीचा कागद टेंपोतून उतरला. महाराज त्याच टेंपोत बसून गेले. घाईत बाहुली राहिली.

पण सविताच्या फोनवर इशारा होताच: घाटमाथा आणि मावळात संध्याकाळी जोराचा वारा, ताशी पन्नास ते साठ किलोमीटर, शक्यता जास्त. पश्चिमेला आभाळ पिवळट व्हायला लागलं होतं. आता सगळ्यांनी प्रमोदिनीकडं पाहिलं, आणि मला तिची काळजी वाटली. एक बाबा हलवला की लोक दुसरा शोधतात, आणि ती तर समोरच उभी होती.

"मी सांगणार नाही काय करायचं," ती म्हणाली. "सविता, सांगाडा किती सोसतो?"

"बांधणाऱ्यानं सांगितलंय शंभरापर्यंत. सगळं बंद असलं तर. वारा आत शिरता कामा नये."

"साठ सांगितलाय. चुकून थोडा जास्त धर."

सवितानं आबांकडं पाहिलं. "आबा, कागद ठिवायचा. तुमी काढलेल्या स्प्रिंगा परत बसवू. पडदे खाली, दारं बंद, सुटं काही बाहेर नको. नव्वदचा आकडा असता तर मीच कोयता घेतला असता. पन साठाला कागद ठिवायचा. गेला तर माज्यावर, उद्या तुमी एजंटाला हो म्हना."

आबांनी धोतर पुन्हा खोचलं. मग पक्कड उचलली आणि पट्टीपाशी गेले. स्प्रिंगा बसवायला.

कुंपणावरची माणसं आपापल्या शेताकडं पळाली. मला शेडनेटच्या, म्हणजे सावलीच्या जाळीच्या, घड्या आत आणायचं काम मिळालं.

वारा साडेपाचच्या सुमाराला आला. आधी कोरडा, धुळीचा, तोंडात माती घालणारा. आम्ही गुलाब ठेवायच्या खोलीत बसलो होतो, दाराला पाठ लावून. पॉलिहाऊसचा कागद एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटासारखा वरखाली होत होता. सवितानं डोळे मिटले नव्हते. ती प्रत्येक खांबाकडं बघत होती. आबा तिच्याकडं बघत होते. मग टपोरे थेंब पडले, कागदावर ताशा वाजला, आणि जेवढ्या जोरात आला तेवढ्याच जोरात वारा वडगावकडे निघून गेला.

पश्चिमेकडचा एक पडदा फाटला होता. दोन ओळी आडव्या झाल्या होत्या. सांगाडा उभा, कागद जागेवर.

आबांनी कागदाखाली उभं राहून वर पाहिलं, मग खिशातून फोन काढून सविताच्या हातात दिला. "त्या एजंटाला सांग, उद्या येऊ नको. मला त्येच्यासंगट नीट बोलता येत न्हाई."

श्रीपती चिखल तुडवत आला, मागून शालूबाई. त्याचा कागद परत चढवायला वेळ मिळाला नव्हता, गुलाब मातीत लोळले होते. "पन बाई," तो म्हणाला, "वारा आला की. सकाळी महाराज म्हनलेले, दिवं लागायच्या आत."

वाऱ्याआधी आत घेतलेल्या बादल्या खोलीच्या दारातून दिसत होत्या.

प्रमोदिनीनं एक लाल गुलाब उचलला आणि पहिल्या बादलीत टाकला. "बरोबर आहे. सांगितलं आणि आलं. तो त्यांना द्यायलाच हवा." मग पांढरा उचलला, तोही पहिलीत. मग आणखी एक लाल.

"ह्यो कशाचा?" शालूबाईंनी विचारलं.

"वारा सुटला तेव्हा बाहुलीचं तोंड कुठं होतं? मी बघितलं. पडदे बंद करायच्या आधी सगळं सुकलं होतं. ती उगवतीला बघत होती." तिनं तो तिसऱ्या बादलीत टाकला. "सकाळी हो म्हणाली, संध्याकाळी नाही. दिवसातून दोन्ही सांगितलं की एक खरं होतंच."

सांगितलंही नाही, आलंही नाही

ही बादली रिकामी राहिली. कोणाला काही आठवलंच नाही, आणि तिथंच मेख आहे. ज्या दिवशी कोणी काही बोललं नाही आणि काही घडलं नाही असे दिवस आयुष्यात सगळ्यांत जास्त असतात. सविताच्या पॉलिहाऊसमधले सगळे गुलाब तोडले असते तरी त्या दिवसांना पुरले नसते. पण आपण शेतात रुतलेल्या एका पत्र्याला हार घालतो आणि बाकीचे दिवस विसरतो. महाराजांचं दुकान आपल्या त्या विसरण्यावर चालतं.

पत्रा अजून तिथंच आहे, हार मात्र सुकलेत. हौशीराम लोणावळ्यात दिसतो, मंडप आणि ताडपत्री भाड्यानं देतो. धंदा बरा चालतो म्हणतात. बोलण्यात हुशार माणूस, बाबा व्हायची त्याला गरजही नव्हती. श्रीपतीनं मात्र अजून त्याच्याशी बोलणं टाकलेलं आहे.

मध्यंतरी सविताकडं गेलो तेव्हा आबांनी मला अडवलं. फोनवर पुन्हा वाऱ्याचा इशारा होता.

"सायेब, ह्ये खरं का?"

"मला काय माहीत, आबा?"

"बरूबर," आबा म्हणाले. "तुमाला म्हाईत न्हाई, बाईला म्हाईत न्हाई, मोबाईललाबी पक्कं म्हाईत न्हाई. तो किती म्हनतो?"

"चाळीस."

"मंग पडदे सोडतो आनि जेवून घेतो."

एवढंच सांगायचं होतं. उद्याचं सांगणारा माणूस भेटला, मग तो भगव्या कपड्यातला असो की टाय घातलेला, त्याला दोन प्रश्न विचारा. तुम्ही सांगितलं आणि घडलं नाही, असं किती वेळा झालं? आणि मी तुमचं ऐकलं तर माझ्या घरातलं काय तुमच्या टेंपोत जाणार? पहिल्याचं उत्तर जो सरळ देईल त्याचं थोडं ऐका, तेही स्वतः मोजून. दुसऱ्या प्रश्नाला जो आईची सर्दी सांगेल, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

वारा येणारच आहे. मावळात राहायचं तर त्याला पर्याय नाही. तो केव्हा येतो हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही, पण साधारण सांगता येतं, आणि पडदे वेळेवर सोडायला तेवढं पुरतं.